मामाची उंची

माझ्या चुलतसासऱ्यांनी आयुष्यात कुठल्याही माणसाचा चेहरा आधी पाहिला, असं कधी घडलेलं नव्हतं. ते आधी घोटे पाहायचे. मग पोटऱ्या, मग गुडघे, मग मनगटं, आणि एवढं झाल्यावर वेळ उरला तर चेहरा. दौंडच्या बाजारात समोरून कोणी "काय आप्पा, ओळखलं का?" म्हणालं की ते खाली बघायचे आणि खाली बघूनच बरोबर ओळखायचे. मोतीबिंदूच्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा डॉक्टरबाई खोलीत आल्या त्या उंच टाचांची चप्पल घालून. यांनी डोळ्यांचं राहू दिलं आणि बाईंना सांगितलं की डावा घोटा बाहेर पडतोय, ही चप्पल सोडा, नाहीतर चाळिशीत गुडघा धरेल. बाईंनी त्यांच्या डोळ्यांत औषध जरा जास्तच घातलं असावं, असा माझा संशय आहे.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मीही या तपासणीतून गेलो. मी शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मुलगी पाहायला दौंडला गेलो, पोहे झाले, सासऱ्यांनी पगार विचारला, सासूबाईंनी माझ्या आईच्या संधिवाताची चौकशी केली, आणि कोपऱ्यात बसलेल्या या गृहस्थांनी मला फळीवरचा पितळी डबा काढून द्यायला सांगितलं. मी टाचा उचलल्या, हात ताणला, आणि अखेर स्टूल मागितलं. आत जाऊन त्यांनी काय निकाल दिला ते बायकोनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "पोरगं सज्जन हाय. उडी न्हाई, पण पुस्तकं काढायला उडी लागत न्हाई. द्या पोरगी." माझा संसार असा एका नसलेल्या उडीवर उभा आहे. काकींचं, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंचं, म्हणणं असं की माझं निदान डब्यावर भागलं. त्यांना लग्नाआधी विहिरीच्या पायऱ्या उतरून चढून दाखवाव्या लागल्या होत्या.

या सगळ्याच्या मुळाशी बास्केटबॉल होता. ज्या मुलखात पोरं एकतर कबड्डी खेळतात नाहीतर क्रिकेट, तिथे हा माणूस रेल्वेत नोकरीला लागला आणि इंजिनांच्या शेडमधल्या लोकांच्या संघात बास्केटबॉल खेळू लागला. निवृत्त झाल्यावर त्यांनी क्वार्टर्सच्या मागचं सिमेंटचं जुनं मैदान ताब्यात घेतलं. ताब्यात म्हणजे रोज स्वतः झाडायला लागले, आणि जो झाडतो त्याला कोणी हटकत नाही. एक रिंग वाकडी, दुसरीला जाळी नाही, मधोमध सिमेंटला भेग. त्या भेगेवर ते दोन दगड ठेवून खुर्ची मांडत आणि रोज संध्याकाळी मुलींना फुकट शिकवत. मुलीच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले की पोरं ऐकत नाहीत. पुण्यातल्या एका क्रीडा वसतिगृहात बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्या दर उन्हाळ्यात यांनी सांगितलेली एक मुलगी डोळे झाकून घ्यायच्या. राहणं, खाणं, शाळा, खेळ, सगळं तिथे. पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीसुद्धा. एकच जागा असायची, आणि ती कुणाला मिळणार हे भेगेवरच्या खुर्चीत ठरायचं.

निवडीबाबत त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते कुणाच्याही बारशाला, बाराव्याला सांगत. हात शिकवता येतो, पाय शिकवता येत नाहीत. नेम, टप्पे, पास देणं, हे सगळं घोटून घेता येतं. उडी आणि उंची मात्र मूल घेऊन येतं तेवढीच. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीची उंची कुठवर जाणार हे कसं कळायचं? यावर त्यांनी उपाय काढला होता. मूल अंगापिंडानं मामावर जातं, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळे मुलगी पसंत पडली की ते तिच्या आईला आधी विचारायचे, "हिचा मामा कुठं असतो?" आणि मग मामा बघायला निघायचे. माझ्याकडे मोटारसायकल होती आणि रविवार रिकामा होता. लग्नात जावयाला जे देतात ते मला मिळालं होतंच, वर हे काम मिळालं. न्हावरे, मांडवगण, काष्टी, कुठे कुठे आम्ही मामा पाहत हिंडलो. चालू पंपावरून मामा उठवले, ट्रॅक्टरवरून मामा उतरवले. एका मामाला तर दाढी अर्धी झाली असताना खुर्चीतून उठवून भिंतीला उभं केलं होतं. ते खिशात खडू बाळगत. मामाला भिंतीशी सरळ उभा करायचा, डोक्यावर पुस्तक ठेवायचं, खडूनं रेघ मारायची. पुस्तक मी आणायचं. मी एवढी वर्षं ग्रंथालयात काढली, पण पुस्तकाचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुणी केलेला पाहिला नाही.

त्या वर्षी दोन मुली होत्या. एक कोमल. क्वार्टर्सच्या पलीकडच्या चाळीत राहायची. बाप कुरकुंभला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, आई घरी शिवण करायची. चौथीत असल्यापासून ती मैदानावर यायची, मैदान झाडायला आप्पांच्या आधी हजर असायची. बुटकी, किडकिडीत, पण तिच्या हातात चेंडू गेला की आम्ही बघे लोक बोलायचे थांबायचो. दोन्ही हात सारखे चालायचे. बघायची एकीकडे, चेंडू जायचा दुसरीकडे, आणि जिला हवा तिच्याच हातात जायचा. वाकड्या रिंगचा वाकडेपणा तिनं मनात धरलेला होता. गुडघे जरासे वाकवायची, मनगट सोडायची, की झालं. दुसरी प्रतीक्षा, मांडवगण फराट्याची. घरची शेवंती आणि झेंडूची शेती. आप्पांना ती एका शाळेच्या स्पर्धेत लांब उडी मारताना दिसली आणि ते खुर्चीतून उठले. गुडघ्यांमुळे ते एकदा बसले की सहसा उठत नसत. तिला मैदानावर आणल्यावर पहिल्याच दिवशी ती दुसऱ्या रिंगच्या जाळीला, म्हणजे जिथे जाळी असायला हवी होती तिथे, बोटं लावून आली. रिंगला आपटून आलेला प्रत्येक चेंडू तिचा. पण हातात आल्यावर त्याचं काय करायचं ते तिला कळत नसे. डाव्या हाताने टप्पा मारला की चेंडू तिच्या पायाला लागून क्वार्टर्सच्या गटाराकडे जायचा, आणि कोमल तो आणून द्यायची.

मी खेळातला माणूस नाही, तरी मी आप्पांशी वाद घातला. चेंडू रिंगमध्ये टाकायचा खेळ आहे, ज्या मुलीला तो टाकता येतो ती पाठवा, असं माझं साधं म्हणणं. ते म्हणायचे की तुम्ही आज बघता, मला पाच वर्षांनंतरचं बघावं लागतं. कोमल आहे तेवढीच राहणार. प्रतीक्षा कुठवर जाईल कुणाला ठाऊक. मग नेहमीप्रमाणे त्यांनी प्रतीक्षाच्या आईला विचारलं, हिचा मामा कुठं असतो, आणि ती म्हणाली, न्हावऱ्याला, दूध गोळा करायचं काम बघतो.

न्हावऱ्याचा तो मामा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. डेअरीच्या पत्र्याच्या दारातून तो बाहेर आला तो मान वाकवून. आप्पांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि ते त्याच्या डोक्यावर ठेवायला त्यांना दुधाचा रिकामा कॅन उपडा घालून त्यावर चढावं लागलं. त्याला आधी वाटलं आम्ही भाचीसाठी स्थळ घेऊन आलोय. पोरगी लहान आहे, तिला शिकवायचीय, असं तो जरा कडक आवाजात बोलला. खेळाचं कळल्यावर मात्र विरघळला. चहा मागवला, मग दुसऱ्यांदा मागवला. भाचीचे पहिले बूट आपणच आणले, हे त्यानं दोनदा सांगितलं. आप्पा पत्र्यावरच्या खडूच्या रेघेकडे मान वर करून बघत होते. इतका सुखी चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

परतताना भीमेच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. नदीत पाणी कमी होतं, जलपर्णी काठाला लागून सुकली होती.  मग न विचारता ते सांगायला लागले की शेडच्या संघात सगळ्यात चांगला हात त्यांचा होता. त्या हातावर त्यांना वरच्या संघात घेतलं, आणि उडी नाही म्हणून दोन वर्षं बाकावर बसवलं. प्रवासाला न्यायचे, कपडे द्यायचे, आणि बसवायचे. "तिला धाडली तर तिला बी बसवत्याल, जावईबापू. मला त्या बाकाचं माहीत हाय. माझ्या पोरीला तिथं न्हाई बसू द्यायची." कोमल त्यांची कोणी लागत नव्हती. तरी माझी पोरगी म्हणाले ते तिलाच, हे मला पुलावरच कळलं. मग माझ्याच्यानं वाद पुढे नेववला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोमलला खुर्चीजवळ बोलावलं. मी तिथेच होतो. गोड बोलणं त्यांना येत नाही. "तुझ्यात समदं हाय. पाय न्हाईत," एवढंच म्हणाले. ती मान हलवून बरं म्हणाली. मग जाऊन तिनं नेहमीसारखा नेम धरला आणि चेंडू रिंगमध्ये टाकला, खाली पडू दिला, आणि तो गटाराकडे घरंगळत गेला तरी आणायला गेली नाही. तेवढंच. त्यानंतर ती आठ-पंधरा दिवस आली, मग येईनाशी झाली. वर्षभरानं तिच्या बापानं कुरकुंभला कंपनीजवळ खोली घेतली आणि ती माणसं दौंडातून गेली. पुढे ती बारावी झाली आणि एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली, असं कुणीतरी सांगितलं. आप्पा ते ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे. त्यांचा मात्र विश्वास होता की आपण तिला एका मोठ्या अपमानातून वाचवलंय.

प्रतीक्षा पुण्याला गेली. पहिल्या वर्षी आप्पांचा फोन माझ्याकडे सारखा यायचा. आज अमुक इतकी उडी मारली, बाई खूश आहेत, फक्त डावा हात अजून येत नाही, तो येईल, हात शिकवता येतो. दुसऱ्या वर्षी फोन कमी झाले. तिसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या बाई स्वतः दौंडला आल्या, आप्पांच्या पाया पडल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की सर, मुलगी चांगली आहे, पण वाढ थांबली. उंची पाच फूट दोनवर आली आणि तिथेच राहिली. तिच्यापेक्षा उंच मुली आता तिच्याइतकीच उडी मारतात, आणि हात काही आला नाही. आम्ही फार प्रयत्न केले. जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल.

 बाई गेल्यावर आप्पांनी मला फोन केला आणि न्हावऱ्याला चला म्हणाले. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, की एवढा मामा असताना असं होतंच कसं. डेअरीच्या पत्र्यावर ती खडूची रेघ पुसट झाली होती, पण होती. मामा मान वाकवून बाहेर आला, आमचे चेहरे बघून दारातच थांबला. आप्पांनी त्याला सरळ विचारलं की तुझी बहीण बुटकी, तू एवढा उंच, तुमच्या घरात बाकीचे कसे आहेत? त्याला आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा त्यानं हातातला दुधाचा मापाचा डबा खाली ठेवला.

"मी मानलेला हाय, आप्पा," तो म्हणाला. "तिला पाठचा भाऊ न्हाई. ल्हानपणी शेजारी ऱ्हायचो, तवापासनं राखी बांधती. पण मामा म्हणून कमी काय केलं न्हाई म्या."

कमी त्यानं खरंच केलं नव्हतं. भाऊबीज कधी चुकवली नव्हती, भाचीचे बूट दर वर्षी घेतले होते. आमच्याकडे मानलेला भाऊ म्हटला की तो भाऊच, त्याला वेगळं कोण विचारतं? प्रतीक्षाच्या आईच्या मनातही ते आलं नसणार. तिला मामा कुठे असतो असं विचारलं आणि तिनं मामाचा पत्ता दिला. परत येताना मला हसू येत होतं आणि मागे बसलेले आप्पा माझ्या खांद्याला धरून होते, त्या हाताचा भार इतका वाढला होता की मी हसलो नाही. प्रतीक्षाचं पुढे तसं वाईट झालं नाही. ती न्हावऱ्याला कॉलेजात जाते, घरच्या झेंडूत राबते. पण तिची मधली ती वर्षं गेली ती गेलीच. तिला वाटतं की तिचंच काहीतरी चुकलं. आप्पांनी तिला खरं कारण कधी सांगितलं नाही, आणि मामालाही, तिला ते सांगू नको, असं म्हणाले. मामाचं नाव तिच्या मनातून उतरू नये म्हणून.

गेल्या वर्षी कोमलच्या लग्नाची पत्रिका आली. आप्पांना वेगळी, नावानं. ते जायचं नाही म्हणत होते, काकींनी धोतर काढून ठेवलं म्हणून निघाले. कुरकुंभच्या रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि मंगलाष्टकं चालू होती. मागच्या रांगेत जागा मिळाली. स्टेजवर वरून फुलांची झालर सोडलेली होती, आणि नवरीच्या मागे मामा म्हणून जो माणूस उभा होता त्याचं डोकं त्या झालरीत घुसलं होतं. केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. आप्पा बघत राहिले. मग शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं की हा कोण. तो म्हणाला, नवरीचा मामा, सोलापूरकडं असतो. आप्पांनी खाली बघत, अगदी हळू विचारलं, "सख्खा?"

"सख्खा म्हंजी? तिच्या आईचा पाठचा भाऊ हाय की."

अंतरपाट दूर झाला आणि मला कोमल दिसली. ती नवऱ्यापेक्षा उंच झाली होती. ज्या मुलीला आम्ही चेंडू आणायला पाठवायचो ती मामाच्या खांद्याच्या वर आली होती. नवरदेवाच्या मित्रांनी रिवाजाप्रमाणे त्याला वर उचललं, नवरीचा हार पोचू नये म्हणून. मामा तिला उचलायला वाकला. तिनं त्याला हातानं थांबवलं, गुडघे जरासे वाकवले आणि मनगटं सोडली. हार नवऱ्याच्या गळ्यात नीट जाऊन पडला. कार्यालयात हशा झाला, शिट्ट्या झाल्या, अक्षता उडाल्या. आप्पांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या.

कोमल तेरा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोरच्या चाळीत वाढली होती. तिची आई आमच्या घरचे परकर शिवायची. आणि तिचा मामा कुठं असतो, हे त्यांनी तिला कधीच विचारलं नव्हतं. परक्या पोरींसाठी आम्ही तालुके पालथे घातले. घरच्या माणसाची चौकशी कोण करतो?

जेवणं झाल्यावर ती जोडीनं नमस्काराला आली. म्हणाली, "आप्पा, ओळखलं का?" सवयीनं त्यांची नजर खाली गेली, पण शालूच्या काठानं पाय पार झाकलेले होते. त्यांना वर बघावं लागलं, चांगलंच वर. तिच्या चेहऱ्याकडे ते बघत राहिले आणि मला जाणवलं की या माणसानं तो चेहरा नीट पाहिलेलाच नव्हता.

"पोरी, तुझा मामा लई उंच निघाला," ते म्हणाले.

"तवाबी एवढाच हुता, आप्पा," ती म्हणाली. "तुम्ही इचारलंच न्हाई."

हे ती रागानं म्हणाली नाही. हसतच म्हणाली, आम्हा दोघांच्या पाया पडली, जेवण झालं का विचारलं, आणि नवऱ्याला घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे गेली. पुढच्याच आठवड्यात तिला कामावर हजर व्हायचं होतं, असं तिची आई सांगत होती.

 घरी उतरताना आप्पा फक्त एवढंच म्हणाले, "हात बी ती घेऊनच आली हुती, जावईबापू. मला वाटायचं म्या शिकवला."

आता ते मैदान झाडायला जातात, पण खुर्ची भिंतीशी टेकवलेली असते. या उन्हाळ्यात वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला होता. यांनी सांगितलं की मला आता समजत नाही, तुम्हीच येऊन बघा. खडू खिशातून गेलाय. मी मध्ये एका रविवारी मुद्दाम पुस्तक घेऊन गेलो, त्यांनी त्याचं नाव वाचलं आणि परत दिलं. मुली खेळत असतात, नव्या येतात, पाया पडतात. ते आता पायांकडे बघत नाहीत. आलेल्या मुलीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहतात. ती बिचारी अवघडून उभी राहते. चेहरा बघत जा, असं मी त्यांना इतकी वर्षं सांगत होतो. पण ते माझ्या घोट्यांकडे बघून मान हलवायचे, तेच मला बरं वाटायचं.